एक तार, अनेक पाळ्या : सिरियल मल्टिप्लेक्सर बोर्डाची गोष्ट

या मालेत आपण आतापर्यंत मोठ्या यंत्रांबद्दल बोललो. आजची वस्तू दोन हातांत सहज मावते. एक हिरवा बोर्ड, त्यावर चिपांच्या रांगा, एका कडेला संगणकात बसणारे सोनेरी दाते आणि दुसऱ्या कडेला चपटी केबल. त्या केबलच्या टोकाला आठ टर्मिनलं जोडता येतात आणि संगणकाकडे मात्र एकच रस्ता जातो. याला सिरियल मल्टिप्लेक्सर म्हणतात. सिरियल म्हणजे बिटांची रांग, एकामागून एक. मल्टिप्लेक्सर म्हणजे अनेकांचं बोलणं एका वाटेवर घालणारा आणि पलीकडे पुन्हा ज्याचं त्याला देणारा.

यात इतिहास काय, असं वाटेल. इतिहास असा की या बोर्डाला ज्या प्रश्नाचं उत्तर द्यावं लागतं, तो विजेच्या तारायंत्राइतकाच जुना आहे. प्रश्न साधा आहे : आत्ता आलेलं हे अक्षर कोणाचं? एका तारेवर जास्त माणसं बसवणं ही यातली सोपी बाजू. आता पाळी कोणाची, यावर दोन्ही टोकांचं एकमत ठेवणं ही अवघड बाजू. आणि ते एकमत मोडलं तर नेमकं कुठे मोडलं, हे शोधणं त्याहून अवघड. आज आपण या दुसऱ्या आणि तिसऱ्या गोष्टीवर जास्त वेळ देणार आहोत, कारण पहिली सगळ्यांना दिसते आणि या दोन सहसा दिसत नाहीत.

पाळीचा हिशोब

ज्यांच्या घरी पाटाचं पाणी येतं त्यांना हे लगेच कळेल. खानदेशात पांझरेच्या काठी फड पद्धत चालत आली आहे. बंधारा एक, पाट एक, शेतं अनेक. पाणी सगळ्यांना एकाच वेळी सोडलं तर कोणाच्याच सरीत पुरेसं पोचत नाही. म्हणून पाळी ठरते आणि ती राखायला पाटकरी असतो. पाट कितीही चांगला बांधला तरी पाळीबद्दल घोळ झाला, की माझं पाणी तुमच्या शेतात जातं. पाण्यावर नाव लिहिलेलं नसतं.

तारेवरच्या विजेवरही नाव लिहिलेलं नसतं. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर तारायंत्र पसरलं तेव्हा सर्वांत महाग वस्तू होती ती तार. खांब, तांबं किंवा लोखंड, चिनी मातीचे इन्सुलेटर, शेकडो मैलांची देखभाल. आणि मोर्सची खटखट करणारा माणूस त्या महाग तारेचा अगदी थोडा वेळ वापरत असे. दोन अक्षरांच्या मध्ये तार नुसती पडून राहायची. मग एकाच्या रिकाम्या क्षणात दुसऱ्याचं अक्षर का पाठवू नये? अमेरिकेत मोझेस फार्मर यांनी या कल्पनेवर १८५३ साली पेटंट घेतलं. दोन्ही टोकांना फिरणारे वाटप करणारे हात बसवायचे आणि ते एकाच वेगाने फिरवायचे. कल्पना पक्की होती, पण दोन शहरांतले दोन हात तासन् तास एकाच वेगाने फिरत ठेवणं तेव्हा रोजच्या कामात जमण्यासारखं नव्हतं.

बोदो आणि बोटांची लय

हे ज्यानं जमवलं तो फ्रान्सच्या तार खात्यातला एक नोकर, एमिल बोदो. जन्म १८४५. शेतकऱ्याचा मुलगा, औपचारिक शिक्षण गावच्या प्राथमिक शाळेपुरतं. १८६९ साली तो खात्यात लागला, तारयंत्रांवर काम शिकला आणि १८७४ साली त्यानं आपलं पेटंट घेतलं. त्याच्या यंत्रातल्या बऱ्याच कल्पना आधी कोणी ना कोणी मांडलेल्या होत्या. फिरतं वाटपयंत्र मेयरच्या यंत्रात होतं, अक्षरं छापणं ह्यूझच्या यंत्रात होतं, पाच एककांचा संकेत गाउस आणि वेबर यांच्याकडे होता. बोदोचं काम म्हणजे या तिन्ही गोष्टी अशा जोडणं, की त्या कचेरीत रोज चालतील.

आता हे यंत्र डोळ्यांसमोर आणा. तांब्याच्या तुकड्यांची एक गोल चकती. तिच्यावरून ब्रश फिरतो. चकतीचे चार भाग केले तर चार माणसं बसतात. प्रत्येकापुढे पाचच कळा : दोन डाव्या हाताला, तीन उजव्या हाताला. पाच कळांच्या दाबल्या आणि न दाबल्या अशा ३२ जुळण्या होतात. त्यांतून अक्षरं निघतात, आणि एका खास जुळणीने आकड्यांच्या संचात जाता येतं. आपण कळा दाबल्या की त्या दाबलेल्याच राहतात. ब्रश आपल्या भागावरून गेला की कळा सुटतात आणि ‘टक्’ असा आवाज येतो. तो आवाज म्हणजे पुढच्या अक्षराची सूचना.

ब्रश मिनिटाला १८० फेरे घेई. प्रत्येक फेऱ्यात प्रत्येकाचं एक अक्षर. म्हणजे माणशी मिनिटाला १८० अक्षरं. मधली जागा धरून सहा अक्षरांचा एक शब्द मानला तर ३० शब्द. चौघांचे मिळून १२०, आणि तार एकच. १८७७ साली पॅरिस ते बोर्दो या मार्गावर हे यंत्र कामाला लागलं. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. पुढे ते फ्रान्सबाहेर पसरलं. भारताच्या तार खात्यानंही मोठ्या मार्गांवर बोदो यंत्रं चालवली.

पण या १८० फेऱ्यांची दुसरी बाजू बघा. मोर्सवाला थकला तर हळू खटखट करू शकत होता. बोदोवाल्याला ती मुभा नव्हती. सेकंदाला तीन वेळा ‘टक्’ होणार, आणि त्या वेळी बोटं तयार नसतील तर ब्रश रिकामाच पुढे जाणार. तार वाचली खरी, पण पाळी राखण्याचं ओझं यंत्रानं माणसाच्या बोटांवर टाकलं. मल्टिप्लेक्सरच्या इतिहासात हे पुन्हा पुन्हा दिसतं. पाळी राखण्याचं काम कुठेही नाहीसं होत नाही. ते फक्त एकाकडून दुसऱ्याकडे जातं.

आणि दोन शहरांतले ब्रश एकत्र कसे राहिले? बोदो पद्धतीत याची युक्ती फार शहाणपणाची आहे. दोन यंत्रं अगदी सारख्या वेगाने फिरवण्याचा हट्ट तिथे नव्हता, कारण ते कधीच पूर्ण जमत नाही. एका टोकाचं यंत्र मुद्दाम किंचित जलद ठेवायचं. चकतीवरचे काही तुकडे संदेशासाठी न वापरता दुरुस्तीच्या प्रवाहासाठी राखून ठेवायचे. जलद यंत्र पुढे सरकलं की त्या प्रवाहामुळे त्याला किंचित मागे ओढलं जायचं. चूक कोणत्या दिशेला होणार हे आधीच ठरवून ठेवलं, की दुरुस्ती एकाच दिशेला करावी लागते. त्यासाठी तारेच्या वेळेचा एक हिस्सा कोणाच्याही संदेशाला मिळत नाही. आजच्या व्याख्यानातून एवढी एक गोष्ट घेऊन गेलात तरी चालेल : वाटणी टिकवायची असेल तर थोडी जागा वाटणीबाहेर ठेवावी लागते.

‘हे कोणाचं?’ हा प्रश्न या यंत्राच्या शोधालाही चिकटला. लुई मिमो नावाच्या तार खात्यातल्याच माणसाने पाच एककांच्या संकेतावर आधी आपला हक्क सांगितला आणि बोदोवर दावा लावला. न्यायालयाने आधी मिमोच्या बाजूने कौल दिला, पुढे तो फिरवला गेला आणि खर्च मिमोवर आला. नंतर त्याच्या मागण्या ज्या समितीने फेटाळल्या, तिचे प्रमुख जूल रेनो यांना मिमोने गोळी घालून ठार केलं. बोदो १९०३ साली वारला. बॉड हे संकेतांचा वेग मोजण्याचं एकक त्याच्या नावावरून आलं आहे. जुन्या मोडेमवर ‘९६०० बॉड’ असं लिहिलेलं तुम्ही पाहिलं असेल.

ओझं बोटांवरून अक्षरावर

पुढची पायरी टेलिप्रिंटरची. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला एक नवी रीत रुळली. प्रत्येक अक्षराच्या पुढे ‘सुरू’ अशी एक खूण आणि मागे ‘थांब’ अशी एक खूण लावायची. घेणारं यंत्र ‘सुरू’ मिळाली की आपलं घड्याळ चालू करतं, अक्षर वाचतं आणि ‘थांब’ आली की स्वस्थ बसतं. आता दोन घड्याळं दिवसभर जुळायची गरज राहिली नाही. एका अक्षरापुरती जुळली की पुरे. माणसाला आपल्या वेगाने टंकता येऊ लागलं. किंमत काय? आठ बिटांच्या अक्षराला दहा बिट लागतात. पाचातला एक हिस्सा पुन्हा करारासाठी गेला.

या रीतीतून एक आकडा निघतो, जो बिघाड शोधताना आजही उपयोगी पडतो. दहा बिटांच्या शेवटापर्यंत घेणाऱ्याचं घड्याळ अर्ध्या बिटाहून जास्त सरकलं तर तो चुकीच्या जागी वाचतो. दहात अर्धा म्हणजे ५ टक्के. दोन्ही घड्याळांत मिळून एवढा फरक पडला तर अक्षरं बिघडतात. प्रत्यक्षात याहून कमी फरकावरच सावध व्हावं लागतं, कारण केबलही बिटांच्या कडा थोड्या बोथट करते.

रस्त्याखालचं तांबं

आता आवाजाकडे वळू. १९३७ साली पॅरिसमध्ये काम करणारे इंग्रज अभियंता अलेक रीव्हज यांनी आवाज आकड्यांत बदलण्याची कल्पना मांडली. आवाज सेकंदाला ठराविक वेळा मोजायचा आणि मोजमाप बिटांच्या रूपात पाठवायचं. ते परवडेल असे इलेक्ट्रॉनिक भाग तेव्हा नव्हते. ट्रान्झिस्टर आल्यावर अमेरिकेतल्या बेल कंपनीने १९६२ साली टी-१ ही पद्धत सेवेत आणली.

इथे कारण पुन्हा तेच, महाग तार. मोठ्या शहरात रस्त्याखालच्या नळ्या केबलींनी भरल्या होत्या. नवी केबल म्हणजे रस्ता खोदणं. त्यापेक्षा आहे त्याच तांब्याच्या दोन जोड्यांवर २४ संभाषणं चालली तर? प्रत्येक आवाज सेकंदाला ८,००० वेळा मोजायचा, प्रत्येक मोजणीला ८ बिट. २४ गुणिले ८ म्हणजे १९२. आणि त्यावर आणखी एक, १९३वा बिट. १९३ गुणिले ८,००० म्हणजे सेकंदाला १५,४४,००० बिट. टी-१चा हा प्रसिद्ध आकडा असा आला.

हा १९३वा बिट कोणाचाच नाही. तो आळीपाळीने १, ०, १, ० असा येतो आणि एवढंच सांगतो की चौकट इथे संपली, पुढची पाळी पहिल्याची. घेणारं यंत्र बिटांच्या प्रवाहात ही आलटून पालटून येणारी खूण शोधतं आणि तिला धरून बसतं. पण एखाद्याच्या बोलण्यातूनच तशी खूण निघाली तर? सेकंदाला ८,००० चौकटींत १ आणि ० आळीपाळीने येणं म्हणजे ४,००० हर्ट्झची लय. आणि टेलिफोनवर आवाज मोजण्याआधीच ४,००० हर्ट्झच्या खाली गाळून घेतलेला असतो. म्हणजे माणसाच्या आवाजात जी लय टिकूच शकत नाही, तीच करारासाठी निवडली.

युरोपने पुढे वेगळा हिशोब मांडला : ३२ खाने, प्रत्येकी ८ बिट, सेकंदाला २०,४८,००० बिट. त्यांतले ३० खाने बोलणाऱ्यांचे, एक संकेतांचा आणि शून्य क्रमांकाचा खाना पाळी ओळखण्यासाठी. भारतात हीच ३० वाहिन्यांची पद्धत आली. दूरसंचार खात्यात काम केलेल्यांच्या तोंडी ‘टू एमबी’ हा शब्द असतो, तो इथला. शून्याच्या खान्यात एकाआड एक चौकटीत ००११०११ ही खूण येते. ती लागोपाठ तीनदा चुकली तर यंत्र जाहीर करतं की पाळी हरवली, आणि पुन्हा शोधायला लागतं. एकदा चुकली तर नाही, तीनदा. एक चूक म्हणजे तारेवरचा खरखराट असू शकतो. तेवढ्यावर सगळ्यांची पाळी मोडून नव्याने शोधत बसलं तर तिसांचंही बोलणं तुटतं. संशय कधी घ्यायचा, याचाही नियम करारात लिहावा लागतो.

आता बिघाडाकडे. टी-१चे बिट तांब्यात लवकर विझतात, म्हणून वाटेत ठिकठिकाणी ते नव्याने घडवणारे रिपीटर लागतात. ते साधारण ६,००० फुटांवर बसवले. हे अंतर निव्वळ गणितातून आलं नव्हतं. आवाजाच्या जुन्या केबलींवर ६,००० फुटांवर लोडिंग कॉइल बसवलेल्या होत्या आणि त्यांच्यासाठी रस्त्यात मॅनहोल आधीच होती. कॉइल काढून रिपीटर ठेवले. जुन्या पायावर नवं घर उभं राहिलं.

पण रस्त्याखालच्या दहा रिपीटरांपैकी एक मेला तर कोणतं झाकण उघडायचं? रहदारीच्या रस्त्यावर दहा मॅनहोल एकामागून एक उघडणं म्हणजे रात्र घालवणं. म्हणून प्रत्येक ठिकाणच्या रिपीटरांना एक वेगळा सूर नेमून दिला होता. कचेरीतून बिटांची मांडणी मुद्दाम असमतोल करून पाठवायची, अशी की तिच्यात ऐकू येणाऱ्या वारंवारतेचा एक सूर दडलेला असेल. ज्या रिपीटरचा तो सूर, तो रिपीटर जिवंत असेल तर त्याच्याकडून तो वेगळ्या तारेवरून कचेरीत परत ऐकू येतो. एकेक सूर पाठवत जायचं. ज्या सुराला उत्तर येत नाही, झाकण तिथलं उघडायचं. हाक मारून हजेरी घेण्याचाच हा प्रकार. ध्यानात घ्या, बिघाड शोधण्याची ही सोय नंतर सुचलेली नव्हती. ती मूळ आराखड्यातच होती.

आठ टर्मिनलांचा बोर्ड

आता आपण सुरुवातीच्या हिरव्या बोर्डाकडे येऊ. १९६०च्या दशकात एकच संगणक अनेकांनी वाटून वापरण्याची पद्धत वाढली आणि प्रत्येकाला एक टर्मिनल हवं झालं. टर्मिनलातून बिट एकामागून एक येतात, संगणकाला मात्र अख्खं अक्षर एकदम हवं असतं. हे रूपांतर करणारं जे सर्किट, त्याला पुढे यूआर्ट म्हणू लागले. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन, म्हणजे डेक, या कंपनीत गॉर्डन बेल यांनी पीडीपी-१साठी त्याचं पहिलं रूप घडवलं, तेव्हा एका लाइनसाठी त्याने अख्खा बोर्ड व्यापला होता. १९७१मध्ये वेस्टर्न डिजिटलने तेच काम एका चिपवर आणलं. मग एका बोर्डावर आठ लाइन मावू लागल्या.

त्यातला एक गाजलेला बोर्ड म्हणजे डेकचा डीझेड-११. पीडीपी-११ संगणकांवर आणि पुढे व्हॅक्सवर तो खूप वापरला गेला. त्याचं काम समजलं की या जातीच्या सगळ्या बोर्डांचं काम समजतं. आठ लाइनींची आठ यूआर्ट. एक स्कॅनर त्यांच्याकडे आळीपाळीने बघत फिरतो. हा बोदोचा ब्रशच, फक्त आता तो विजेच्या वेगाने फिरतो. कोणाकडे अक्षर आलेलं दिसलं की स्कॅनर ते उचलतो, त्याला लाइनीचा क्रमांक जोडतो आणि ६४ अक्षरांच्या एका रांगेत ठेवतो. या रांगेला त्या काळी सायलो म्हणत, धान्याच्या कोठारावरून.

इथे एक मोठा बदल झाला. बोदोमध्ये अक्षर कोणाचं हे त्याच्या जागेवरून कळत होतं. इथे अक्षरावर नाव लिहिलं जातं : तीन बिटांत, शून्य ते सात. पाण्यावर अखेर नाव आलं. आणि नावाबरोबर तब्येतही आली. त्या प्रत्येक अक्षरासोबत बोर्ड तीन तक्रारी नोंदवतो. फ्रेमिंग एरर म्हणजे ‘थांब’ची खूण जागेवर सापडली नाही. पॅरिटी एरर म्हणजे बिटांची बेरीज जुळली नाही. ओव्हररन म्हणजे आधीचं अक्षर उचललं जाण्याआधीच पुढचं येऊन बसलं.

सायलोचा हिशोब करून बघू. ९६०० बॉडला दहा बिटांचं अक्षर, म्हणजे सेकंदाला ९६० अक्षरं. आठही लाइनींवर एकाच वेळी आली तर ७,६८०. चौसष्ट अक्षरांची रांग सुमारे ८ मिलिसेकंदांत भरते. तेवढ्या वेळात संगणकाने लक्ष दिलं नाही तर अक्षरं हरवतात. पाठवताना तर संगणकाला प्रत्येक अक्षर स्वतः हातात द्यावं लागे. डेकचाच मोठा डीएच-११ बोर्ड पाठवायची अक्षरं संगणकाच्या स्मृतीतून आपली आपण उचलत असे. स्वस्त डीझेडने ते काम संगणकावर सोडलं. बघा, ओझं पुन्हा सरकलं. पॅरिसमध्ये ते बोटांवर होतं, आता प्रोसेसरवर आलं.

बिघाड कुठे आहे?

आता समजा, पाच नंबरच्या टर्मिनलवर काही उमटत नाही. नवखा माणूस सरळ बोर्ड बदलायला घेतो. जाणता माणूस आधी एकच प्रश्न विचारतो : बाकीचे सात चालू आहेत का?

सगळे आठ बंद असतील तर दोष सामाईक भागात. मुख्य स्कॅन चालू करणारा बिट प्रोग्रॅमने लावला आहे का? बोर्ड रिसेट झाल्यावर तो उतरलेला असतो, आणि मग स्कॅनर फिरतच नाही. बोर्ड निरोगी आणि आठही जण मुके. एकच लाइन बंद असेल तर सामाईक भाग बराच निर्दोष ठरतो. मग त्या लाइनीचा वेग, तिचा रिसीव्हर चालू केला आहे का, तिची केबल, दोन आणि तीन नंबरच्या पिना उलटसुलट तर नाहीत ना, हे क्रमाने बघायचं. अक्षरं येतात पण कचरा येतो आणि फ्रेमिंग एरर दिसते, तर दोन टोकांचे वेग जुळत नाहीत. अधूनमधून ओव्हररन दिसतं, तर तारेला दोष देऊ नका. संगणक वेळेवर उचलत नाही.

त्यानंतर वाट मधोमध कापायची, म्हणजे लूपबॅक करायचा. पाठवलेलं तिथूनच वळवून स्वतःकडे परत आणायचं. डीझेडमध्ये देखभालीसाठी एक बिट आहे. तो लावला की प्रत्येक यूआर्टचं बाहेर जाणारं बोर्डावरच आत वळतं, बाहेरच्या केबलला स्पर्शही न करता. हे उत्तीर्ण झालं, तर संगणकापासून यूआर्टपर्यंतचा मार्ग ठीक. मग बाहेरच्या कनेक्टरवर वळसा घालणारा प्लग लावायचा आणि तीच चाचणी पुन्हा. आतली पास, बाहेरची नापास, तर दोष या दोन जागांच्या मध्ये. तिथे काय असतं? आर-एस-२३२ प्रमाणात तारेवर १ म्हणजे ऋण आणि ० म्हणजे धन व्होल्टेज, ३ ते १५ व्होल्टच्या दरम्यान. बोर्डाच्या आतले ५ व्होल्ट तिथे बदलून देणारे चिप असतात, आणि त्यांना लागणारा ऋण पुरवठा. तो पुरवठा गेला तर आतलं सगळं शाबूत दिसतं आणि बाहेर एक अक्षर नीट जात नाही.

पण लूपबॅकला एक आंधळी जागा आहे. स्वतःचं पाठवलेलं स्वतःच वाचताना दोन्हीकडे घड्याळ एकच असतं. ते घड्याळ दहा टक्के चुकलं तरी चाचणी पास होते, कारण चूक दोन्हीकडे सारखी आहे. टर्मिनल लावलं की मात्र कचरा. म्हणून वळशाच्या प्लगांत दुसरा एक प्रकार होता, ज्यात एका लाइनीचं बाहेर जाणारं शेजारच्या लाइनीच्या आत जातं. अशाने क्रमांकांची अदलाबदल आणि एकेका लाइनीची वेगाची चूकही उघडी पडते. तरी शेवटची खात्री बाहेरच्या, स्वतंत्र घड्याळाच्या यंत्राशी बोलूनच होते. स्वतःशी जुळणं म्हणजे दुसऱ्याशी जुळणं नव्हे.

ठरलेली पाळी सोडल्यावर

शेवटची पायरी थोडक्यात. १९७०च्या दशकात स्टॅटिस्टिकल मल्टिप्लेक्सर आले. टर्मिनलवरचा माणूस बहुतेक वेळ विचार करत असतो, टंकत नसतो. मग त्याच्या रिकाम्या पाळीसाठी जागा कशाला राखायची? ज्याच्याकडे काही आहे त्यालाच जागा द्यायची आणि अक्षरांवर नाव लिहायचं. तीच तार आणखी कितीतरी जणांना पुरली. बदल्यात ठरलेल्या वेळेची हमी गेली. सगळे एकदम बोलले की रांग वाढते आणि उशीर होतो. आजचं इंटरनेट याच बाजूचं आहे. संध्याकाळी सगळं घर एकदम ऑनलाइन आलं की व्हिडिओ अडकतो, तो याच सौद्याचा हप्ता.

एक प्रश्न नेहमी विचारला जातो, तो घेऊन थांबू. आता हे सगळं एका चिपमध्ये आहे, बोर्ड बिघडला तर फेकून नवा लावायचा. मग ही शोधाशोध कळून काय उपयोग? उपयोग असा की बोर्ड बदलून फक्त बोर्डाचा दोष जातो. वेग चुकीचा लावला असेल, संगणक वेळेवर उचलत नसेल, ऋण पुरवठा बाहेरूनच येत नसेल, तर नवा बोर्डही तसाच मुका राहतो आणि जुना चांगला बोर्ड कचऱ्यात गेलेला असतो. आणि दुसरं म्हणजे, वाटून वापरायच्या प्रत्येक व्यवस्थेत काटकसर सुरू झाली की पहिली नजर ‘कोणाच्याच नसलेल्या’ जागेवर जाते. तो १९३वा बिट, तो शून्याचा खाना, परत ऐकू येणाऱ्या सुरासाठीची ती वेगळी तार. त्यांतून कोणाचाच संदेश जात नाही, म्हणून त्या वाया वाटतात. दीडशे वर्षांचा हा इतिहास सांगतो की बाकी सगळ्यांचे संदेश त्यांच्यामुळेच ज्याचे त्याला पोचतात.

पुढच्या व्याख्यानात आपण मोडेमकडे वळू, म्हणजे बिटांना टेलिफोनच्या आवाजात बोलायला कसं शिकवलं, त्याची गोष्ट.